अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. खालचे निम्मे प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत. उरलेले रिपोर्टचा फोटो पाठवून ‘मॅडम, यात काय लिहिलंय?’ असं विचारणाऱ्यांचे. तेच तेच पुन्हा सांगावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. उपचार मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

१. अँटिबॉडी म्हणजे नेमकं काय? ती जिवंत असते का?

जिवंत नसते. अँटिबॉडी हा प्रथिनाचा एक रेणू आहे. मराठी पुस्तकांत त्याला प्रतिपिंड म्हणतात. जंतू शरीरात शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या बी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) झपाट्याने वाढतात. त्यांतल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात आणि त्या अँटिबॉडी तयार करून रक्तात सोडतात.

रेणूचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरचे दोन हात जंतूवरची एक ठरावीक खूण पकडतात. खालचा दांडा शरीराच्या बाकीच्या यंत्रणेसाठी असतो. हात असंख्य तऱ्हांचे असतात, दांडा मात्र पाचच मुख्य प्रकारांचा: आयजीएम, आयजीजी, आयजीए, आयजीई आणि आयजीडी. ही रचना उलगडल्याबद्दल जेरल्ड एडलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ साली नोबेल मिळालं. हात आणि दांडा, ही विभागणी पक्की लक्षात ठेवा. पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत.

२. आणि कॉम्प्लिमेंट? हे नाव शाळेच्या पुस्तकात कधी वाचल्याचं आठवत नाही.

रक्तात आणि पेशींवर असलेल्या तीसहून अधिक प्रथिनांच्या गटाला कॉम्प्लिमेंट म्हणतात. त्यांतली बहुतेक यकृतात तयार होतात आणि रक्तात निपचित फिरत असतात. एक जागं झालं की ते पुढच्याला तोडून जागं करतं, ते त्याच्या पुढच्याला. सुरुवातीच्या एका रेणूमागे शेवटी हजारो रेणू कामाला लागतात.

याचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लागला. कॉलऱ्याविरुद्ध प्रतिकार निर्माण झालेल्या प्राण्याच्या ताज्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) कॉलऱ्याचे जंतू विरघळतात, पण तेच सीरम ५५ अंशांच्या आसपास तापवलं तर ती ताकद जाते, हे ज्यूल बोर्दे यांच्या लक्षात आलं. त्यांनी तापवलेल्या सीरममध्ये दुसऱ्या, अजिबात लस न दिलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं आणि ताकद परत आली. म्हणजे कामाला दोन वस्तू लागत होत्या. एक उष्णता सोसणारी आणि त्या जंतूपुरतीच, ती अँटिबॉडी. दुसरी नाजूक आणि प्रत्येकाच्या रक्तात मुळातच असलेली. या दुसरीला पाउल एर्लिख यांनी कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक, असं नाव दिलं. बोर्दे यांना १९१९ सालचं नोबेल मिळालं.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट: प्रथिनांचे क्रमांक शोधाच्या ओघात पडले, कामाचा क्रम नंतर कळला. म्हणून साखळी सी-१, सी-४, सी-२, सी-३ अशी जाते आणि सी-५ पासून सी-९ पर्यंत सरळ होते. पाठच करावं लागतं.

३. अँटिबॉडी जंतूला मारते ना?

हाच गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. अँटिबॉडी एकटी क्वचितच कुणाला मारते. तिची मुख्य कामं तीन. पहिलं, अडवणं: विषाणूचा किंवा विषाचा जो भाग आपल्या पेशीला चिकटतो, त्यावर ती आधीच जाऊन बसते. दुसरं, जंतूवर खूण करणं: जंतूला चिकटलेल्या अँटिबॉडीचे दांडे बाहेर राहतात आणि ते धरून भक्षक पेशी जंतू गिळतात. तिसरं, कॉम्प्लिमेंटला हाक मारणं.

पहिल्या कामाला नुसते हात पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्याला दांडा लागतो. मारण्याचं काम भक्षक पेशी आणि कॉम्प्लिमेंट करतात. कुणाला मारायचं ते अँटिबॉडी दाखवते. म्हणूनच रिपोर्टमधला अँटिबॉडीचा आकडा म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती नव्हे.

४. या दोघांची गाठ नेमकी कशी पडते?

सी-१ मधला सी-१क्यू हा भाग सहा कळ्यांच्या गुच्छासारखा असतो. एका कळीने एक दांडा धरला तर पकड लगेच सुटते. दोन-तीन कळ्यांना जवळजवळचे दांडे एकदम मिळाले तरच तो घट्ट बसतो आणि साखळी सुरू होते. रक्तात सुट्या फिरणाऱ्या अँटिबॉडीमुळे कॉम्प्लिमेंट भडकत नाही, ते यामुळेच. शत्रूच्या अंगावर दांड्यांची दाटी दिसायला हवी.

आयजीएम हा पाच वायचा एकत्र जोडलेला रेणू आहे, त्याला पकडायला दहा जागा असतात. तो जंतूवर बसला की खेकड्यासारखा वाकतो आणि सी-१क्यूला बसायला जागा उघडी पडते. एक आयजीएम पुरतो. आयजीजी मात्र एकट्याने चालत नाही, शेजारी आणखी लागतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रॅक्टिकलला या. मेंढीच्या लाल पेशी धुऊन सलाइनमध्ये मिसळायच्या. नळीत गढूळ, अपारदर्शक लाल द्रव दिसतो. त्यात मेंढीच्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी घालायची. पाच मिनिटं बघत राहिलात तरी रंगात काही फरक नाही. आता एका नळीत गिनीपिगचं ताजं सीरम घालायचं, दुसरीत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. दोन्ही नळ्या ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायच्या. बाहेर काढल्यावर पहिल्या नळीतला द्रव कोकम सरबतासारखा लाल पण आरपार दिसतो. नळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. पेशी फुटून आतलं हिमोग्लोबिन बाहेर आलेलं असतं. दुसरी नळी गढूळच राहते आणि थोड्या वेळाने तिच्या बुडाशी पेशींची लाल टिकली बसते. अँटिबॉडी दोन्हींत होती. मी हे कितीतरी वर्षं दाखवते आहे, तरी नळी उजेडाकडे धरली की अजून तितकाच आनंद होतो.

५. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा लागतो. तोवर कॉम्प्लिमेंट बसून राहतं का?

नाही. त्याला जागं करायच्या आणखी दोन वाटा आहेत. एका वाटेत मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन नावाचं प्रथिन जंतूच्या पृष्ठभागावरच्या साखरेची विशिष्ट मांडणी ओळखतं. दुसरीत सी-३ आपोआपच थोडं थोडं तुटत असतं आणि त्याचा तुकडा, सी-३बी, जवळ जे असेल त्याला चिकटतो. आपल्या पेशीवर चिकटला तर लगेच निकामी केला जातो (प्रश्न ७). जंतूवर चिकटला तर त्याला अडवणारं कुणी नसतं, मग एकाचे अनेक होतात.

तिन्ही वाटा सी-३ पाशी एकत्र येतात. म्हणून रक्तात कॉम्प्लिमेंटपैकी सर्वांत जास्त असतं ते सी-३, मिलिलीटरला साधारण एक मिलिग्रॅम.

६. कॉम्प्लिमेंट जंतूला भोकं पाडतं असं वाचलं. मग सगळेच जंतू त्याने मरायला हवेत?

भोकं पडतात हे खरं. सी-५बी ते सी-९ मिळून जंतूच्या पटलात सुमारे १० नॅनोमीटर रुंदीची नळी बसवतात. पण ही नळी ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या पटलात बसते. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस अशा ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंना जाड भिंत असते, तिथे ती काही करू शकत नाही.

माझ्या मते भोकांना पुस्तकांत जरा जास्तच मान मिळतो. कॉम्प्लिमेंटचं रोजचं काम म्हणजे जंतूवर सी-३बी चा थर चढवणं. भक्षक पेशींना तो थर धरून जंतू गिळायला सोपा जातो. शिवाय सी-३ए आणि सी-५ए हे सुटे तुकडे रक्तवाहिन्या सैल करतात, आणि सी-५ए पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावून घेतो. गळवाभोवतीची लाली आणि सूज अंशतः त्यातूनच येते. भोकं खरोखर निर्णायक ठरतात ती मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकॉकससारख्या जंतूंविरुद्ध; प्रश्न १४ पाहा.

७. मग ते आपल्याच पेशी का फोडत नाही?

कारण आपल्या प्रत्येक पेशीवर पहारा आहे. सीडी-५५ साखळी मध्येच मोडतं, सीडी-५९ शेवटची नळी पुरी होऊ देत नाही. रक्तातलं फॅक्टर-एच हे प्रथिन आपल्या पेशींवरचं सियालिक आम्ल ओळखतं आणि तिथला सी-३बी निकामी करायला मदत करतं. काही जंतू अंगावर सियालिक आम्ल चढवतात, काही थेट फॅक्टर-एचच ओढून घेतात, ते याचसाठी.

पहारा उठला की काय होतं ते पीएनएच या आजारात दिसतं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीच्या जनुकात बिघाड होतो आणि तिच्यापासून झालेल्या लाल पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ अडकवायची खुंटीच नसते. त्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत राहतात. काही रुग्णांना सकाळची पहिली लघवी गडद, कोऱ्या चहासारखी होते. सी-५ अडवणारं इक्युलिझुमॅब हे औषध २००७ पासून आहे. त्याने पेशी वाचतात, पण मेनिंगोकॉकसचं दार उघडं पडतं, म्हणून त्याविरुद्धची लस आधी घ्यावी लागते.

८. रिपोर्टमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह आहे. म्हणजे काय?

नव्या जंतूशी गाठ पडल्यावर आधी आयजीएम येते, मग त्याच बी पेशी दांडा बदलून आयजीजी तयार करतात. म्हणून नुसती आयजीएम बहुधा ताजा संसर्ग सांगते आणि नुसती आयजीजी जुना संसर्ग किंवा लस. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. आयजीएम कधी महिनोन्‌महिने टिकते, कधी दुसऱ्याच जंतूमुळे खोटी पॉझिटिव्ह येते.

डेंग्यूत दिवस मोजणं महत्त्वाचं. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ ही विषाणूच्या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते. आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागते. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असं समजू नका.

९. बाळाला आईकडून काय काय मिळतं?

वारेतून आयजीजी. आयजीएम त्यातून जात नाही, म्हणून नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध आयजीएम सापडली तर ती बाळाची स्वतःची, म्हणजे पोटात असतानाच संसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. चिकात आणि पुढे दुधात भरपूर आयजीए असते. ती बाळाच्या रक्तात जात नाही, आतड्याच्या आतल्या अंगाला राहून जंतूंना चिकटू देत नाही. चीक पिळून टाकायची पद्धत काही घरांत अजून आहे. तो टाकू नका, बाळाला पाजा.

आयजीजीचं अर्धं प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत संपतं. आईकडची शिदोरी आटत जाते, बाळाची स्वतःची अजून पुरेशी झालेली नसते. तीन ते सहा महिन्यांचा काळ त्यामुळे सगळ्यात नाजूक. गरोदरपणी धनुर्वाताची लस देतात ती आईबरोबर बाळासाठीही.

१०. कुत्रा चावल्यावर लस दिलीच आहे, मग जखमेत वेगळं सीरम कशाला टोचतात?

लस म्हणजे तुमच्या शरीराला अँटिबॉडी बनवायला दिलेला धडा. त्याला सात ते चौदा दिवस लागतात. रेबीजचा विषाणू तोवर जखमेतून मज्जातंतूत शिरू शकतो, आणि एकदा आजाराची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. मधल्या दिवसांसाठी तयार अँटिबॉडी जखमेतच भरतात. त्या विषाणूला तिथेच अडवतात. कातडी फाटून रक्त आलेल्या चाव्याला लस आणि सीरम दोन्ही लागतात. सीरम शक्यतो पहिल्या डोसबरोबरच, आणि राहिलंच तर सात दिवसांच्या आत. त्याआधी, घरीच, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

सर्पदंशावरचं औषधही तयार अँटिबॉडीच. आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाविरुद्ध घोड्यांच्या रक्तापासून बनतं. त्यात अँटिबॉडीचा दांडा पेप्सिनने छाटून टाकतात, फक्त जोडलेले हात ठेवतात. विष अडवायला तेवढं पुरतं, प्रश्न ३ मध्ये म्हटल्याप्रमाणे.

११. ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं म्हणतात. मग बॉम्बे ब्लड ग्रुपवाल्याला का नाही?

हा रक्तगट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला. ए आणि बी या खुणा एच नावाच्या पायावर उभ्या असतात. ओ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नाही. ज्याच्या अंगात एच नाही, त्याच्या रक्तात एच विरुद्ध अँटिबॉडी असतात, बहुतांशी आयजीएम आणि शरीराच्या तापमानाला जोमाने काम करणाऱ्या. ओ गटाच्या पेशींवर तर एच खच्चून भरलेलं. रक्त चढवलं की प्रश्न ४ मधली पहिली नळी माणसाच्या अंगात घडते: पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीव जाऊ शकतो.

साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ असाच दिसतो. रुग्णाच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी घालून पाहिल्या की पेशींच्या गुठळ्या होतात आणि मगच तो सापडतो. ज्यांना हा गट आहे त्यांनी भावंडांची तपासणी जरूर करून घ्यावी. जुळण्याची शक्यता तिथे सगळ्यात जास्त असते.

१२. आरएच निगेटिव्ह आईच्या बाळालाही असंच होतं का?

पेशी नष्ट होतात, पण वाट वेगळी आहे. आईची आरएच विरुद्धची अँटिबॉडी आयजीजी असते, म्हणून ती वार ओलांडते. मात्र लाल पेशीवर आरएच डी च्या खुणा विरळ असतात. दांडे एकमेकांपासून लांब पडतात, सी-१क्यूची पकड बसत नाही आणि कॉम्प्लिमेंट जवळजवळ हलतच नाही. बाळाच्या प्लीहेतल्या भक्षक पेशी दांडे धरून लाल पेशी गिळतात. आईने ही अँटिबॉडी बनवायलाच शिकू नये म्हणून अँटी-डी चं इंजेक्शन २८ व्या आठवड्याला आणि आरएच पॉझिटिव्ह बाळ झाल्यास ७२ तासांत देतात. गर्भपात झाला तरी ते लागू शकतं, डॉक्टरांना विचारा.

१३. एकदा डेंग्यू झाला की अँटिबॉडी असतात. मग दुसरा डेंग्यू जास्त धोक्याचा कसा?

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिल्याची अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटते, पण त्याला पुरतं अडवू शकत नाही. नुसता दांडा बाहेर राहतो. भक्षक पेशी दांडा धरून विषाणू आत घेतात आणि विषाणूला नेमकी हीच पेशी वाढायला हवी असते. इतर वेळी उपयोगी पडणारी खूण इथे विषाणूला दार उघडून देते. प्रत्येक दुसरा डेंग्यू गंभीर होतोच असं नाही, बहुतेक जण बरे होतात. पण पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, रक्तस्राव, गळून जाणं यांतलं काही दिसलं तर थांबू नका, ताप उतरला असला तरीही.

डेंग्यू होऊन गेलेल्या आईच्या तान्ह्या बाळातही हा धोका असतो. आईकडची आयजीजी (प्रश्न ९) अडवण्याइतकी उरलेली नसते तेव्हा पहिलाच डेंग्यू गंभीर होऊ शकतो.

१४. सी-३, सी-४ कमी आले आहेत. काळजी करू का?

दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. घसादुखी किंवा कातडीवरच्या फोडांनंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला, लघवी गडद झाली आणि सी-३ कमी, सी-४ ठीक असेल तर स्ट्रेप्टोकॉकसनंतरचा मूत्रपिंडदाह आठवतो. तो सी-३ सहा ते आठ आठवड्यांत वर येतो. आला नाही तर पुढे शोधावं लागतं. दोन्ही कमी असतील तर ल्युपसचा, म्हणजे शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी बनवतं त्या आजाराचा, विचार होतो. तिथे अँटिबॉडीच्या गाठोड्यांवर कॉम्प्लिमेंट खर्च होत असतं.

सी-४ कमी, सी-३ ठीक, आणि ओठ, घसा किंवा आतडं अधूनमधून सुजतं, पण खाज किंवा पित्ताच्या गांधी नाहीत? सी-१ इनहिबिटरची, म्हणजे सी-१ ला आवर घालणाऱ्या प्रथिनाची, आनुवंशिक कमतरता असू शकते. ही सूज ॲलर्जीची नसते, ब्रॅडिकायनिन या शरीरातल्याच रसायनामुळे येते. ॲलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड तिथे काम करत नाहीत. घशाला सूज आली तर श्वास कोंडू शकतो, त्यामुळे घरात असा रुग्ण असेल तर निदानाचा कागद कायम जवळ ठेवा.

सी-५ ते सी-९ पैकी एखादं जन्मतः नसलेल्या माणसाला बाकीचे जंतू फारसा त्रास देत नाहीत, पण मेनिंगोकॉकसचा मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होऊ शकतो. दुसऱ्यांदा झाला तर सीएच-५०, म्हणजे कॉम्प्लिमेंटची साखळी शेवटपर्यंत चालते का हे बघणारी तपासणी, करायला सांगा. त्याचं सीरम लगेच वेगळं करून गोठवावं लागतं. टेबलावर तासन्‌तास पडलेल्या नमुन्यात कॉम्प्लिमेंट आपोआप संपतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट शून्याजवळ येतो.

१५. टीबीची अँटिबॉडी तपासणी का करत नाहीत?

कारण ती फसवी आहे. भारताने २०१२ साली टीबीच्या निदानासाठीच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासण्यांवर बंदी घातली. टीबीचा जंतू भक्षक पेशीच्या आत राहतो, तिथे अँटिबॉडी पोचत नाही आणि खरी लढाई टी पेशींना करावी लागते. इतकंच काय, अंगावर चढलेला सी-३ चा थर हा त्याचा आत शिरायचा एक मार्गच आहे. निदानासाठी थुंकीची तपासणी करा.

१६. काढ्याने किंवा गोळ्यांनी अँटिबॉडी वाढतात का?

एखाद्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी त्या जंतूमुळे किंवा त्याच्या लसीमुळे वाढतात. सरसकट सगळ्या वाढवणारं पेय नाही. कॉम्प्लिमेंट सरसकट वाढावं अशी इच्छाही धरू नये. कारण प्रश्न ७ मध्ये आहे. पोटभर प्रथिनं असलेलं जेवण मात्र हवंच. कुपोषित मुलांत सी-३ खरोखर कमी असतो.

१७. नागाच्या विषाचा कॉम्प्लिमेंटशी संबंध असतो, हे खरं का?

खरं आहे. नागाच्या विषात सी-३बी सारखंच दिसणारं एक प्रथिन असतं. ते आपल्या सी-३ ला तोडणारी यंत्रणा चालू करतं आणि आपला फॅक्टर-एच तिला थांबवू शकत नाही. साखळी फिरत राहते आणि रक्तातलं सी-३ संपून जातं. प्रयोगशाळेत कॉम्प्लिमेंटशिवायचा उंदीर हवा असेल तर हेच प्रथिन शुद्ध करून टोचतात; एखाद्या आजारात कॉम्प्लिमेंटचा हात किती, हे त्यावरून कळतं. नाग चावल्यावर माणूस दगावतो तो मात्र यामुळे नाही. मज्जातंतूंवरच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या की वेळ फार थोडा उरलेला असतो, म्हणून त्याची वाट न बघता सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.